पगाराचा आकडा आधी सांगा
दुबई-शारजातल्या खाजगी शाळांच्या मालकांना आणि मुख्याध्यापकांना खुले पत्र

आदरणीय संचालक आणि मुख्याध्यापक मंडळी,



तुमच्यापैकी बहुतेकांना मराठी येत नाही, हे ठाऊक असूनही पत्र मराठीत लिहिते आहे. तुमच्या स्टाफरूममध्ये गणिताच्या, विज्ञानाच्या नाहीतर केजीच्या टेबलाशी एखादी जोशी, पाटील, शेख किंवा डिसोझा बसलेली असेलच. ती वाचून दाखवेल. तिच्याकडे वेळ आहे का, तेवढं आधी विचारा. एखादा ऑफ तास असलाच तर तोही प्रॉक्सीत गेलेला असण्याची शक्यता जास्त.

शिक्षक निवडण्याची तुमची पद्धत आम्हाला तोंडपाठ आहे. अर्ज, प्रमाणपत्रं, त्यावरचे शिक्के, फोनवरची चाचपणी, मग डेमो, मग मुख्याध्यापकांची मुलाखत, आणि सगळ्यात शेवटी एचआरच्या खोलीत पगाराचा विषय. पण आम्हीही शाळा निवडत असतो. ही गोष्ट तुमच्या गावी नसते, किंवा असली तरी तुम्ही तसं दाखवत नाही. आम्ही कशी निवडतो, आणि तुमच्या वागण्यामुळे ती निवड कशी आंधळी होते, ते सांगायला हा पत्रप्रपंच.

आधी आम्ही कोण, ते सांगते. इथे येणाऱ्या शिक्षकांचे दोन गट असतात. एका गटाला तुम्ही परदेशातून बोलावता. त्यांना विमानाचं तिकीट, घर किंवा घरभाडं, विमा, मुलांची फी, वर्षाकाठी मायदेशी जायचं भाडं. दुसऱ्या गटातले आधीपासूनच इथे राहणारे. तुमच्या भाषेत ‘लोकल हायर’. यात बायका जास्त, आणि त्यातल्या बहुतेक नवऱ्याच्या नोकरीमागून आलेल्या. सांगलीत किंवा ठाण्यात चांगली दहा वर्षं शिकवलेलं असतं, बी.एड. असतं, वर्ग सांभाळायची हातोटी असते. पण व्हिसा नवऱ्याचा, घर नवऱ्याच्या पगारातून, विमा नवऱ्याच्या कंपनीचा. म्हणून तुम्ही गृहीत धरता, की हिला पगार हा वरखर्चासाठी हवा.

एका मुलाखतीत मला विचारलेला पहिलाच प्रश्न होता, “हजबंड कुठे असतात?” दुसरा, “मुलं किती?” तिसरा, “राहता कुठे?” बीजगणित कसं शिकवते, हे विचारायला पाचवा प्रश्न उजाडला. मी उत्तरं दिली; नोकरी हवी होती. पण त्या पहिल्या तीन उत्तरांवरच माझी किंमत ठरली, हे मला समोरच्या बाईंच्या पेन्सिलवरून कळलं. तिन्ही उत्तरं त्यांनी अर्जाच्या मागच्या बाजूला टिपून घेतली आणि शेजारी एक आकडा लिहिला. डेमो अजून व्हायचा होता.

आता आमची बाजू. शाळा निवडायला बसलं, की हाताशी काय असतं? पालकांसाठी या शहरात बरंच काही आहे. दुबईत २००६ साली केएचडीए हे शिक्षणावर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण स्थापन झालं, आणि त्यानंतर काही वर्षांतच खाजगी शाळांची तपासणी सुरू झाली. प्रत्येक शाळेला ‘आउटस्टँडिंग’पासून ‘व्हेरी वीक’पर्यंत सहा पायऱ्यांतली एक पायरी मिळते, अहवाल सगळ्यांना वाचता येतो, आणि फी किती वाढवता येईल हेही त्या पायरीशी बांधलेलं असतं. २०२४-२५ साठी खर्चाचा निर्देशांक २.६ टक्के धरला होता. शाळेची पायरी घसरली असेल तर फीवाढ नाही, वर गेली असेल तर निर्देशांकाहूनही जास्त वाढ. अबुधाबीत आणि शारजातही तपासणीच्या अशाच व्यवस्था आहेत. म्हणजे ज्याला मूल शाळेत घालायचंय, त्याला रात्री जेवण झाल्यावर तासाभरात शाळेची कुंडली मांडता येते. ज्याला त्याच शाळेत रोज आठ-नऊ तास उभं राहायचंय, त्याच्यासाठी मात्र पान कोरं.

अगदी कोरं नाही. केएचडीएच्या अहवालांत सुरुवातीला आकड्यांची एक चौकट असते: विद्यार्थी किती, शिक्षक किती, शिक्षकांत सर्वाधिक कोणत्या देशाचे, एका शिक्षकामागे मुलं किती. त्यातच एक ओळ असते, वर्षभरात किती टक्के शिक्षक सोडून गेले त्याची. पालक ती बहुधा ओलांडून पुढे जातात. आम्ही तीच आधी वाचतो. शाळा ‘व्हेरी गुड’ आहे, जलतरण तलाव आहे, रोबोटिक्सची लॅब आहे, आणि दर तीन शिक्षकांमागे एक वर्षभरात गेलाय, तर त्या लॅबचं आम्ही काय करायचं? लोक का गेले, ते तो आकडा सांगत नाही, हे खरं. नवऱ्यांच्या बदल्या होतात, मुलं मोठी होऊन भारतात कॉलेजला जातात, सासूबाई आजारी पडतात. या शहरात माणसं येतात-जातात, त्याचा दोष शाळेला देता येणार नाही. पण सलग तीन-चार वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले, की नैसर्गिक गळती कुठली आणि पळापळ कुठली, ते बरोबर कळतं. गणिताचे शिक्षक आहोत, एवढं येतं.

अहवालात नसलेलं आम्ही स्टाफरूममध्ये शोधतो. डेमोच्या दिवशी तुम्ही आम्हाला रिसेप्शनवर बसवता, समोर ट्रॉफ्यांचं कपाट असतं. त्यापेक्षा ‘वॉशरूम कुठे’ असं विचारून स्टाफरूमवरून चक्कर मारावी. एका शाळेत शिक्षकांच्या लॉकरवर नावांच्या चिकटपट्ट्या होत्या. एका लॉकरवरची पट्टी कोपऱ्यात सुटली होती. तिच्याखाली दुसरं नाव, त्याखाली तिसरं. तिसऱ्याची शाई अजून फिकीही पडलेली नव्हती. शेजारच्या भिंतीवर प्रॉक्सीचा तक्ता होता, त्यात एकच नाव त्या आठवड्यात पाच वेळा. मी त्या शाळेत गेले नाही. पगार बरा होता, तरीही.

पगाराबद्दल आता मोकळेपणाने बोलू. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमची जुनी सवय आहे, आणि आम्हालाही आकडा विचारायची लाज वाटते; दोन्ही एकदम सुटायला हवं. भारतीय अभ्यासक्रमाच्या अनेक शाळांत इथे आधीपासून राहणाऱ्या शिक्षिकेला तीन ते पाच हजार दिरहमांच्या घरात पगार मिळतो. ब्रिटिश शाळांत परदेशातून बोलावलेल्या शिक्षकाला त्याच्या दुप्पट-तिप्पट, शिवाय घर. फी वेगळी, गिऱ्हाईक वेगळं, हे मान्य आहे. महिना हजार दिरहमच्या आत फी घेणारी शाळा आणि वर्षाला सत्तर-ऐंशी हजार दिरहम घेणारी शाळा एकसारखा पगार देऊ शकत नाही, एवढा हिशोब आम्हालाही कळतो. इथल्या भारतीय शाळांनी गेल्या साठ वर्षांत मध्यमवर्गीयांच्या मुलांना परवडेल असं शिक्षण दिलं. दुबईतलं इंडियन हायस्कूल १९६१चं आहे, म्हणजे संयुक्त अरब अमिरात हा देश जन्मायच्या दहा वर्षं आधीचं. या शाळा नसत्या तर आमची कितीतरी कुटुंबं इथे राहिलीच नसती. त्यामुळे कमी पगार हा माझा पहिला आक्षेप नाही.

आक्षेप आहे पगाराची फोड करताना होणाऱ्या चलाखीवर. समजा, नेमणूकपत्रावर एकूण ४,५०० दिरहम लिहिलेत. खाली बारीक अक्षरांत फोड असते: मूळ वेतन १,५००, बाकी घरभाडं, प्रवास, ‘इतर’. शिक्षिका एकूण आकडा बघते, घरी फोन करते, सासरे मनातल्या मनात तेवीसने गुणतात आणि म्हणतात, लाखाच्या वर. पण या देशातली ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजली जाते. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं मूळ वेतन, त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचं. १,५०० ला तीसने भागा, पन्नास. गुणिले २१, म्हणजे वर्षाला १,०५०. पाच वर्षं राबून हाती ५,२५० दिरहम. त्याच ४,५०० मध्ये मूळ वेतन ३,००० असतं, तर मिळाले असते १०,५००. पत्रावरच्या एकूण आकड्याला धक्का न लावता बाईंच्या पाच वर्षांतून निम्मी रक्कम तुम्ही काढून घेतलीत. सातवीच्या शेकडेवारीचं गणित आहे हे, आणि सही करताना ते सोडवायला कोणी थांबत नाही, कारण ते पत्र हातात पडतं तेव्हा एचआरच्या बाई म्हणत असतात, “मॅडम, आजच साइन केलं तर बरं, सोमवारपासून वर्ग रिकामा आहे.”

ही घाई आम्हाला चांगली ओळखीची आहे. गावाकडून इथे आलेल्या मुलीला तर ती जास्तच चटका देते. महाराष्ट्रात शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये वाढून सोळा ते वीस हजार रुपये झालं, तेही पवित्र पोर्टलमधून निवड झाली तर, आणि तीन वर्षं तसंच काढायचं. विनाअनुदानित शाळांची कथा सगळ्यांना माहीत आहे. पगार कागदावर एक, हातात एक. अशा ठिकाणाहून आलेल्या शिक्षिकेला साडेचार हजार दिरहम म्हणजे घबाड वाटतं. पहिल्या वर्षी भाड्याचे चार चेक पुढच्या तारखा घालून लिहून दिले, की तेवीसने गुणायची सवय आपोआप सुटते. तुम्ही तिच्या या पहिल्या वर्षावर धंदा करता.

धंदा हा शब्द टोचला असेल तर क्षमा मागणार नाही. इथल्या मोठ्या शिक्षणसंस्था या कंपन्या आहेत आणि ते कोणी लपवतही नाही. तालीम ही शाळा चालवणारी कंपनी २०२२ मध्ये दुबईच्या शेअर बाजारात आली. उद्या मीही तिचे चार शेअर घेऊ शकते. कंपनीने नफा मिळवू नये असं माझं म्हणणंच नाही. कंपनी असाल तर कंपनीसारखे वागा, एवढंच. कुठली बरी कंपनी इंजिनिअरला पगार न सांगता दिवसभर कामाचं प्रात्यक्षिक द्यायला बोलावते? आम्ही मात्र रजा टाकून येतो, चार्ट घेऊन येतो, अनोळखी पस्तीस मुलांसमोर चाळीस मिनिटं शिकवतो, मागच्या बाकावर तीन सुपरवायझर रकाने भरत बसलेले असतात. मग आठवडाभर फोन नाही. मग फोन येतो आणि आकडा असा, की डेमोला जायला टॅक्सी केली त्याचंच वाईट वाटावं.

ब्रिटिश आणि आयबी शाळांच्या मंडळींनी इथवर वाचून सुटकेचा निःश्वास टाकला असेल, की हा भारतीय शाळांचा मामला दिसतो. तुमची तऱ्हा निराळी आहे. तुमच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘नेटिव्ह इंग्लिश स्पीकर’ हवा. भौतिकशास्त्रासाठी. न्यूटनचे नियम कोणत्या उच्चारात सांगितल्याने बदलतात? एकाच शाळेत, एकाच इयत्तेत, एकाच पुस्तकावरून शिकवणाऱ्या दोघांचा पगार पासपोर्टच्या रंगावर ठरतो, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत असतं. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. या देशाचा कामगार कायदा, २०२१ चा ३३ क्रमांकाचा, फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेला, वंश, रंग, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व यांवरून भेदभाव करायला मनाई करतो. तुम्ही म्हणाल, आम्ही राष्ट्रीयत्व बघत नाही, पात्रता बघतो, आम्हाला इंग्लंडचं क्यूटीएस, म्हणजे तिथलं शिक्षकपात्रतेचं प्रमाणपत्र, लागतं. ठीक. इंग्लंडच्या सरकारने फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या पात्र शिक्षकांनाही क्यूटीएससाठी अर्ज करायची सोय दिली, गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्यांना, अकरा ते सोळा वयोगटासाठी. माझ्या ओळखीतल्या काही जणींनी ती सगळी कागदपत्रं जमवली. विद्यापीठाची पत्रं, शाळांचे अनुभवाचे दाखले, जुन्या मुख्याध्यापकांच्या मागे लागून मिळवलेल्या सह्या. आता त्यांच्याकडेही तेच प्रमाणपत्र आहे. पगार सारखा कराल? की आता आणखी काही लागेल?

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे. आमच्या पदवीवर विद्यापीठाचा, राज्याचा, दिल्लीतल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, अमिरातीच्या भारतातल्या दूतावासाचा आणि मग इथल्या मंत्रालयाचा, असे शिक्के लागतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता बी.एड. केलेल्यांना त्याहून मोठा डोंगर. दूरशिक्षणाच्या पदवीची समकक्षता मिळवणं इथे नेहमीच अवघड. २०१८ च्या सुमारास तर गुणपत्रिकेवरच्या ‘एक्स्टर्नल’ गुणांमुळे रीतसर कॉलेजात जाऊन शिकलेल्यांच्या पदव्याही अडकल्या होत्या, आणि भारतीय दूतावासाला मध्ये पडावं लागलं. हे नियम सरकारचे आहेत, तुमचे नाहीत. त्याबद्दल तुम्हाला बोल लावत नाही. पण पदवीला समकक्षता मिळेल का, हे तुम्हाला अनुभवाने आधीच माहीत असतं. मग ते न सांगता बाईला रुजू करून घ्यायचं, सहा महिने ‘प्रोबेशन’च्या पगारावर राबवायचं आणि मग ‘अप्रूव्हल आलं नाही’ म्हणून नारळ द्यायचा, हा प्रकार सरकारी नियमात कुठे लिहिलाय? आणि पडताळणीसाठी म्हणून घेतलेली मूळ प्रमाणपत्रं तुमच्या कपाटात वर्षानुवर्षं का राहतात? कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवायला कायद्याने बंदी आहे. प्रत काढा, पाहून परत द्या.

कराराच्या शेवटच्या पानावरचं एक कलम वाचून मात्र मी खरोखर हसले होते. शाळा सोडल्यावर दोन वर्षं याच शहरात ‘स्पर्धक संस्थेत’ काम करायचं नाही. कायद्यात अशा अटीला जागा आहे, दोन वर्षांपर्यंतच आणि तीही मालकाची व्यावसायिक गुपितं किंवा गिऱ्हाईकं ज्याच्या हाती असतील त्याच्यासाठी. माझ्याकडे गुपित कुठलं? पायथागोरसचं? ते फुटून अडीच हजार वर्षं झाली. ही अटच बहुधा कुठल्या तरी सेल्समनच्या करारातून उचललेली असणार.

आता ज्या गोष्टींवर आम्ही खरोखर शाळा निवडतो, आणि ज्या तुम्ही कधीच विचारात घेत नाही, त्या सांगते. अंतर. अल नहदाहून अल कुसैसला जाणं वेगळं आणि शारजाहून सकाळी अल इत्तिहाद रोड तुडवत बर दुबईला जाणं वेगळं. पाचशे दिरहम जास्त देणारी पण रोज दोन तास रस्त्यात घालवणारी शाळा आम्ही नाकारतो. वार. जानेवारी २०२२ पासून देशात सोमवार ते शुक्रवार दुपार असा आठवडा झाला, पण शारजाने शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी धरली. शारजातल्या शाळेत शिक्षिका, दुबईत नवरा, मुलं आणखी तिसऱ्याच शाळेत, अशा घराचं शुक्रवारचं वेळापत्रक तुम्ही एकदा मांडून बघा. मुलांची फी. सवलत आहे म्हणता. किती टक्के, किती मुलांना, कितव्या वर्षापासून, आणि आईने नोकरी सोडली तर वर्षाच्या मध्ये पूर्ण फी भरायची का? याचं उत्तर कागदावर देणाऱ्या शाळेसाठी दोन मुलांची आई पाचशे दिरहम कमी घ्यायलाही तयार होते. आणि वेळापत्रक. भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, ब्रिटिश शाळांचं ऑगस्टअखेरीस. एकीकडून दुसरीकडे जायचं तर मार्चनंतरचे चार-पाच महिने बिनपगारी, नाहीतर जुन्या शाळेला जूनमध्ये तोंडघशी पाडायचं. तुमचे मुख्याध्यापक एकमेकांच्या वार्षिक समारंभांना पाहुणे म्हणून जातात. यावर एकदा बोलले तर बरं होईल.

उन्हाळ्याची गोष्ट याच रांगेतली. जुलै-ऑगस्टमध्ये इथे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, शाळा बंद, आम्ही गावाला. काही शाळा जूनअखेरीस लोकल शिक्षिकांचा करार संपवतात आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा बोलावतात. तुमचा दोन महिन्यांचा पगार वाचतो. बाई आंबे संपल्यावर गावाला पोहोचते, आणि येताना पुन्हा नोकरी असेल की नाही, या काळजीत असते. अशा शाळेत परतणाऱ्या शिक्षिकेच्या डोक्यात मुलं नसतात, दुसरे अर्ज असतात.

त्यावरून तुमची नेहमीची तक्रार आठवली: शिक्षक वर्षाच्या मध्येच सोडून जातात. यात तुमचं म्हणणं खरं आहे. दहावीच्या मुलांना प्रीबोर्डच्या तोंडावर टाकून जाणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पगार कितीही कमी असो, त्या चाळीस मुलांनी तुमच्या करारावर सही केलेली नसते. पण हे लोक का जातात, याचाही विचार करा. नोव्हेंबरमध्ये सोडणाऱ्या बहुतेक जणींना ऑगस्टमध्ये जे सांगितलं गेलं नव्हतं, ते ऑक्टोबरपर्यंत कळलेलं असतं. आठवड्याला २४ तास सांगितले होते, ३२ निघाले. एकच इयत्ता सांगितली होती, तीन निघाल्या. वह्या तपासायला शनिवार जातो आणि शनिवारीही ‘ट्रेनिंग’ असतं. हे सगळं आधी सांगितलं असतं, तर काही जणी आल्याच नसत्या. ज्या आल्या असत्या, त्या टिकल्या असत्या.

शिकवणीवरही थोडं. शिक्षिका घरी शिकवण्या घेतात म्हणून तुम्ही नोटिसा काढायचात, तेव्हा तसा परवानाच नव्हता, त्यामुळे आमची बोलती बंद. डिसेंबर २०२३ पासून सरकार खाजगी शिकवणीचा परवाना देऊ लागलं, तोही विनाशुल्क. आता चांगल्या गणित शिक्षिकेला तुमच्या शाळेशिवाय घर चालवायचा एक रस्ता उघडलाय. काही जणी त्या रस्त्याने गेल्याही. दुबईत आज सव्वादोनशेच्या आसपास खाजगी शाळा आहेत, दरवर्षी नव्या उघडताहेत, आणि त्या सगळ्यांना गणित-विज्ञान शिकवणारी माणसं हवी आहेत. भाव आमचा वाढतोय, हे तुमच्या एचआरला कळलंय. तुम्हाला अजून कळलेलं दिसत नाही.

चांगल्या शाळा नाहीत असं मात्र समजू नका. मी आज जिथे शिकवते तिथे मुलाखतीच्या आधीच ईमेलवर एक पान आलं: एकूण पगार, मूळ वेतन, आठवड्याचे तास, कुठल्या इयत्ता, विमा कोणाचा, मुलाच्या फीत किती सवलत, उन्हाळ्याचा पगार मिळेल की नाही. पगार ऐकून मी हरखले नव्हते. पण त्या पानावर जे होतं तेच नंतर करारात होतं, आणि करारात होतं तेच पुढे घडलं. डेमोनंतर एचओडींनी बसवून माझी एक चूकही दाखवली, फळ्यावर अपूर्णांकांची रेघ तिरपी मारल्याची. मी जवळच्या सगळ्या शिक्षिकांना या शाळेत अर्ज करायला सांगते. जाहिरातीवर खर्च न करता तिला माणसं मिळतात.

तेव्हा विनंती एवढीच आहे. येत्या जानेवारी-फेब्रुवारीत तुम्ही पुढच्या वर्षाच्या जागा जाहीर कराल. त्या जाहिरातीत पगाराचा पल्ला आणि त्यातलं मूळ वेतन छापा. आठवड्याचे तास आणि इयत्ता छापा. मागच्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले, तो आकडा तपासणीच्या अहवालात असतोच, तोही छापा. नवऱ्याचा व्हिसा, घर आणि विमा यांची चौकशी मुलाखतीतून काढून टाका. कराराची प्रत डेमोच्या आधी हातात द्या आणि वाचायला किमान दोन दिवस द्या. आणि मूळ प्रमाणपत्रं त्याच दिवशी परत करा.

ही सगळी माहिती ज्या शाळेकडून येईल, तिथे आम्ही अर्ज करू. ज्या शाळेकडून येणार नाही, तिथे जाऊ नका असं मी इथल्या प्रत्येक मराठी शिक्षिकेला सांगणार आहे.

आपली,
एक गणित शिक्षिका
अल नहदा, शारजा